वीज गेली, रस्ते तुटले, तरी रेडिओ-टीव्ही केंद्रांचं प्रसारण चालू कसं राहतं?

वीज जाताच यूपीएस, म्हणजे बॅटरीवरचा तात्पुरता वीजपुरवठा, भार उचलतो. १०-२० सेकंदांत डिझेल जनरेटर सुरू होतो. ५० किलोवॉट भाराला तासाला साधारण १५ लिटर डिझेल लागतं, म्हणजे ७२ तासांसाठी हजार लिटरहून जास्त साठा हवा.

जनरेटर दगा देतो तो बहुधा स्टार्टरची बॅटरी उतरल्यामुळे किंवा जुन्या डिझेलमधल्या पाण्या-गाळाने फिल्टर तुंबल्यामुळे. म्हणून दर महिन्याला चाचणी घ्यावी, तीही भार देऊन. नुसता रिकामा फिरवून काही कळत नाही. आणि तो तळघरात कधीच बसवू नये. पूर आला की सर्वात आधी तोच बुडतो.

स्टुडिओ ते ट्रान्समीटर (सिग्नल हवेत सोडणारं यंत्र) हा दुवा तेवढाच नाजूक. वाऱ्याने मायक्रोवेव्ह लहरींवर सिग्नल पाठवणारी डिश अँटेना जराशी वळली तरी सिग्नल तुटतो, त्यामुळे फायबर किंवा उपग्रहाचा दुसरा मार्ग तयार ठेवतात. दोन्ही गेले तर निवेदक थेट ट्रान्समीटरच्या खोलीत बसून बोलतो. तिथे एक मायक्रोफोन आणि आवाज जुळवणारा छोटा ऑडिओ मिक्सर कायम असायलाच हवा.

इंधन संपत आलं तर ट्रान्समीटरची शक्ती घटवतात. १० किलोवॉटवरून अडीचवर आणली तरी सिग्नल फक्त ६ डेसिबलने उतरतो, जवळच्या श्रोत्यांना फरक जाणवतही नाही. टीव्हीचं प्रसारण टिकलं तरी घरोघरी वीज नसते. बॅटरीवरचा रेडिओच तेव्हा लोकांपर्यंत पोहोचतो.