पहिला प्रश्न खोड

अनेक आशीर्वाद.

लोक पैसे कसे देतात यावरची तुझी प्रश्नावली मिळाली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात लाल पेन घेऊन. मेहनत दिसते. पण पहिलाच प्रश्न खोड: 'रोख, कार्ड आणि मोबाइल यांपैकी पैसे देण्याची कोणती पद्धत तुम्हाला आवडते?' याचं उत्तर लोक आनंदाने देतील, आणि त्या उत्तराचा तुला काडीचा उपयोग होणार नाही.

का, ते सांगतो. युरो वापरणाऱ्या देशांमध्ये तिथली मध्यवर्ती बँक, म्हणजे युरोपियन सेंट्रल बँक, लोक पैसे कसे देतात याची पाहणी करते. 2022 च्या पाहणीत 55 टक्के लोक म्हणाले, आम्हाला कार्ड किंवा दुसरी बिनरोख पद्धत बरी वाटते. रोख बरी म्हणणारे 22 टक्के. उरलेल्यांची ठाम आवड अशी नव्हतीच. आता त्याच पाहणीतली दुसरी बाजू बघ. दुकानात उभं राहून केलेल्या व्यवहारांपैकी 59 टक्के रोखीने झाले होते. तोंडात कार्ड आणि हातात नोट! हे लोक खोटं बोलत नव्हते. आपण त्यांना आवड विचारली, त्यांनी आवड सांगितली. पैसे देण्याच्या क्षणी मात्र आवडीला कुणी विचारत नाही. तिथला निर्णय बहुतेक वेळा आधीच झालेला असतो: रक्कम किती, खिशात काय उरलंय आणि समोरचा काय घेतो, यावर.

रकमेचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. वरचे 59 टक्के व्यवहारांच्या संख्येचे आहेत. रकमेने मोजलं तर त्याच व्यवहारांत रोखीचा वाटा 42 टक्क्यांवर येतो. लहानसहान खरेदी नोटा-नाण्यांनी, मोठी कार्डाने. तुझ्या तक्त्यात एकच रकाना आहे. दोन कर, नाहीतर तुझा अहवाल वाचून एक जण म्हणेल रोख जिवंत आहे, दुसरा म्हणेल संपत आली, आणि दोघंही तुझाच आकडा पुढे करतील.

खिशाचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे, आणि तुझ्या प्रश्नावलीत ते अजिबात नाही. पाकिटात पुरेशा नोटा असतील तर माणूस फारसा विचार न करता त्या काढतो. नोटा कमी झाल्या की कार्ड बाहेर येतं. चिल्लर फार साठली, खिसा जड झाला, की ती खपवायला पुन्हा रोख. म्हणजे आज सकाळी कार्ड का वापरलं, याचं कारण परवा एटीएममधून पैसे काढायचे राहून गेले हे असू शकतं. ते कारण त्या माणसाला स्वतःलाही सुचणार नाही. तो म्हणेल, 'कार्ड सोयीचं पडतं.' म्हणून 'का' विचारू नकोस. खरेदीच्या आधी खिशात किती होते, ते विचार.

आणि आठवणीवर विसंबू नकोस. ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या पहिल्या पाहणीत मी विचारलं होतं, 'गेल्या महिन्यात किती वेळा रोख दिली?' लोकांना मोठ्या खरेद्या आठवल्या, किरकोळ साऱ्या विसरल्या. आकडे बघून मी छाती फुगवून लिहिलं की रोखीचे दिवस भरले. रोखीचे नव्हते भरले, माझ्या अहवालाचे भरले होते. लोकांच्या हातात नोंदवही दे. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, तिच्या पाहणीत माणूस ऑक्टोबरमधले सलग तीन दिवस प्रत्येक देणं टिपून ठेवतो. तीनच दिवस, कारण त्याहून जास्त लिहायला लावलं की लोक कंटाळतात आणि नोंदी गळायला लागतात.

आता तुझ्या सहाव्या प्रश्नाकडे येतो. 'तुम्ही अजूनही रोख का वापरता?' या 'अजूनही'त तुझं मत आलं की रे! जणू रोख वापरणारा मागे राहिलेला आहे, कुणीतरी शिकवलं की सुधारेल. फॉन काल्क्रॉइट, श्मिट आणि श्टिक्स या तिघा अर्थतज्ज्ञांनी 2014 साली जर्मनीतल्या आकडेवारीवर एक निबंध लिहिला, तो शोधून वाच. ज्यांना खर्चावर बारीक नजर ठेवावी लागते, ते रोखीकडे वळतात, असं त्यात दिसतं. पाकीट उघडलं की काय गेलं आणि काय उरलं ते एका नजरेत कळतं. त्यासाठी ना पासवर्ड लागतो ना हिशेबाची वही. ज्याचं महिनाअखेरीला काटेकोर जुळवायचं असतं, त्याच्यासाठी हे साधन आहे, अडाणीपणा नव्हे.

आपल्या भाषेत 'नोट मोडणे' म्हणतात, ते मला फार आवडतं. मोडली की गेली, हे त्या शब्दातच आहे. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या संशोधकांनी 2009 मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं: तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत असली तर माणूस हात आखडता घेतो, सुट्ट्यात असली तर खर्चून टाकतो. कार्डात तर मोडायला काहीच नसतं.

त्यावरून तू लगेच प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांचा 2001 चा प्रयोग काढशील, मला माहीत आहे. सगळेच काढतात. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्ये बास्केटबॉलच्या तिकिटांची बोली लावली. क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. प्रयोग सुंदर आहे, पण जपून वापर. ती दुर्मीळ तिकिटं होती, ज्यांची किंमत कुणालाच नक्की ठाऊक नव्हती. रोजच्या साबणाच्या वडीला कुणी कार्ड आहे म्हणून दुप्पट देत नाही. शिवाय ते क्रेडिट होतं, पैसे नंतर देण्याचं. डेबिट कार्डात पैसे तिथल्या तिथे खात्यातून वळते होतात. तू दोन्हींना 'कार्ड' या एकाच खणात कोंबलं आहेस, ते वेगळे कर.

तिसरा पक्ष दुकानदार. ग्राहक निवडतो असं आपण म्हणतो, पण गल्ल्यावर कार्डाचं यंत्रच नसेल तर निवड कसली? कार्डाच्या बहुतेक व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क पडतं. त्यातला जो भाग ग्राहकाच्या बँकेला जातो, त्यावर युरोपियन युनियनने 2015 च्या नियमाने मर्यादा घातली: डेबिटला 0.2 टक्के, क्रेडिटला 0.3. ग्राहकाच्या पावतीवर यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतात ते पॉइंट आणि कॅशबॅक. ते याच शुल्कातून येतात, शुल्क वस्तूच्या किमतीत मिसळतं, आणि ती किंमत रोख देणाराही भरतो. तेव्हा 'कॅशबॅकमुळे फायदा झाला का?' या प्रश्नाला 'हो' असं उत्तर आलं तर ते कुणाच्या बाजूचं उत्तर आहे, याचा विचार करून ठेव.

वयोगटाचे प्रश्न ठीक आहेत. उत्पन्नाचा प्रश्न शेवटी ने, सुरुवातीला विचारलास तर लोक उठून जातात.

बारावा प्रश्न मात्र तसाच ठेव, एक शब्दही बदलू नकोस: 'हव्या त्या पद्धतीने पैसे देता आले नाहीत, असं शेवटचं कधी झालं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?' 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा कार्डाची सवय झालेल्या कितीतरी लोकांना नोटा शोधाव्या लागल्या. अशा दिवसाबद्दल माणूस आवड सांगत बसत नाही, घडलेलं सांगतो. हा प्रश्न बाराव्या जागेवरून उचलून पहिल्या जागी आण. तिथे आता जागा रिकामी झालीच आहे.

दुसरा मसुदा नोंदवहीच्या नमुन्यासकट पाठव.

कळावे.