टी पेशींची जनुकीय अभिव्यक्ती बदलली म्हणजे आजार मुलांना होणार का?

आपण डिचोलीहून विचारले आहे की, वडिलांच्या अंगभर लाली आणि खाज आहे, सेझारी सिंड्रोमची (टी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा, त्वचा आणि रक्तात पसरणारा कर्करोग) शंका घेतली आहे, रक्ताच्या अहवालात सीडी७ आणि सीडी२६ (टी पेशींच्या पृष्ठभागावरील ओळखीची प्रथिने) आढळत नाहीत असा शेरा आहे, आणि ‘टी पेशींची जनुकीय अभिव्यक्ती बदलली आहे’ हे ऐकल्यापासून भावंडांनीही तपासणी करून घ्यावी का, अशी धास्ती लागली आहे. मी मडगावात रक्तपेशींच्या तपासणीचे काम करतो. केवळ या कारणासाठी भावंडांची तपासणी करण्याची गरज नसते.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. त्यांतील कोणती जनुके वाचली जातात आणि किती, याला अभिव्यक्ती म्हणतात. सेझारीमध्ये बहुधा उतारवयात एखाद्या टी पेशीत बिघाड साचत जातात आणि तिच्याच संततीने रक्त व त्वचा भरते. हा बिघाड त्या एका पेशीकुळापुरता असतो, त्यामुळे तो आई-वडिलांकडून मुलांकडे जात नाही.

या पेशींत चुकीची जनुके जागी होतात आणि हवी ती झोपतात. प्लास्टिन-३ हे प्रथिन निरोगी लिम्फोसाइटमध्ये (टी पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या पेशींत) सहसा नसते, येथे मात्र ते अनेक रुग्णांत सापडते. गर्भाच्या वाढीत काम करणारे ट्विस्ट१ जनुकही पुन्हा सुरू झालेले दिसते. उलट स्टॅट४ हे जनुक मंदावते, गाटा३ हे जनुक वरचढ होते, आणि पेशी आयएल-४, आयएल-५ व आयएल-१३ हे संदेशवाहक रेणू सोडणाऱ्या प्रकाराकडे झुकतात, म्हणूनच अशा रुग्णांत इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि आयजीई (अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड) वाढलेले आढळू शकतात. इओसिनोफिलच फार वाढले असतील, तर एक वेगळा दुर्मीळ आजारही डॉक्टरांच्या मनात असतो: त्यात टी पेशींच्या पृष्ठभागावरून सीडी३ नाहीसे होते, सीडी४ मात्र टिकते, आणि त्या पेशी आयएल-५ सोडत राहतात.

काचपट्टीवर पाहिले तर नेहमीच्या लिम्फोसाइटचे केंद्रक गोल आणि गुळगुळीत दिसते, सेझारी पेशीचे मात्र अक्रोडाच्या गरासारखे घड्या पडलेले असते. तरीही केवळ तेवढ्यावर किंवा सीडी७ नसण्यावर निदान ठरत नाही, कारण साध्या त्वचादाहातही सीडी७ कमी होते. सीडी२६ नसणे अधिक बोलके असले तरी रक्तातील आणि त्वचेतील टी पेशी एकाच कुळातील आहेत का, हे टी पेशी रिसेप्टरच्या (टी पेशीच्या पृष्ठभागावरील, प्रत्येक कुळात वेगळ्या असणाऱ्या ग्राहक प्रथिनाच्या) जनुकांवरून पाहावे लागते. रक्तात दर मायक्रोलिटरला १००० किंवा त्याहून अधिक सेझारी पेशी असणे हाही महत्त्वाचा निकष आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात कुठलाही लाल चट्टा गजकर्ण समजून औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणण्याची सवय आहे. त्या मलमाने त्वचेतील टी पेशी तात्पुरत्या ओसरतात आणि बायॉप्सी फसवी येते, म्हणून वडिलांनी असे मलम लावले असल्यास ते त्वचारोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

अभिव्यक्तीच्या या अभ्यासाचा उपयोग उपचारातही झाला आहे. या पेशींवर सीसीआर४ हा रिसेप्टर भरपूर असतो, आणि त्यालाच लक्ष्य करणाऱ्या मोगामुलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. पुढच्या भेटीत दोन गोष्टी विचारा: सेझारी पेशींची प्रत्यक्ष संख्या किती आहे, आणि त्वचा व रक्त यांची कुळाची तपासणी जुळते का.