मुलीला सर्जन व्हायचंय : दहावीनंतर नेमका रस्ता कसा असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा दहावीला आहे, सर्जनच व्हायचं म्हणते, तर परीक्षा कोणत्या, वर्षं किती, माणूस कुठे अडतो, आणि ती डावखुरी आहे म्हणून काही बिघडतं का.

आधी वर्षांचा हिशेब. बारावीनंतर साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग एमएस जनरल सर्जरी ३ वर्षं, आणि दोन्हींच्या मध्ये पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेशाच्या) तयारीचं साधारण एखादं वर्ष. सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर २७-२८व्या वर्षी जनरल सर्जन. मेंदू, हृदय, मूत्रमार्ग, प्लास्टिक, कॅन्सर यांपैकी कशात जायचं असेल तर एमसीएच या पुढच्या पदवीची आणखी ३ वर्षं आणि बॉण्ड, म्हणजे सक्तीची सेवा. म्हणजे बत्तिशी ओलांडते. हे मुलीला आत्ताच सांगा. तिच्या कॉमर्सच्या मैत्रिणींची लग्नं, घरं, गाड्या होतील तेव्हा ही वॉर्डात पेशंटच्या नाकातून पोटात रायल्स ट्यूब टाकत असेल.

अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवंच. गणित सोडलं तरी मेडिकलला चालतं. बारावीच्या पीसीबीत खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गांना ४० टक्के लागतात. त्यापुढे बारावीच्या गुणांना प्रवेशात किंमत नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण असावी लागतात.

इथली पहिली चूक अभ्यासातली नसतेच, कागदांची असते. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात (उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय). राज्याच्या कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. क्लाससाठी मुलं राजस्थानातल्या कोटा शहरात जातात आणि बारावीचा फॉर्मही तिथल्याच शाळेतून भरतात. निकाल चांगला लागतो आणि मग कळतं की आपण घरच्या कोट्यातून बाहेर पडलो. अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. राखीव वर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. समितीकडून ते यायला महिने जातात आणि प्रवेशाच्या फेऱ्या तुमच्यासाठी थांबत नाहीत. नॉन-क्रीमीलेयरची मुदतही तपासून ठेवा.

नीट-यूजी या एमबीबीएसच्या प्रवेशपरीक्षेबद्दल क्लासवाले भरपूर सांगतील, म्हणून एवढंच: १८० प्रश्न, ७२० गुण, ३ तास, बरोबर उत्तराला ४, चुकीचा १ वजा. त्यात ९० प्रश्न एकट्या बायोलॉजीचे. पेपर मराठीतूनही मिळतो, पण पुढचं शिक्षण बहुतेक इंग्रजीतच असल्याने अकरावीपासून इंग्रजी पुस्तकांची सवय केलेली बरी. पात्र होणं आणि जागा मिळणं यांत फार अंतर आहे. पन्नासावं पर्सेंटाइल म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी.

कॉलेज निवडताना सर्जरीचा विचार करायची गरज नाही. सरकारी मिळालं तर डोळे झाकून घ्या, मग ते केईएमचं जी. एस. असो, पुण्याचं बी. जे. असो की जिल्ह्याचं नवं कॉलेज. मात्र बॉण्ड समजून घ्या. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केल्यावर एक वर्षाची सेवा द्यावी लागते. नाही दिली तर दंड १० लाख. एमएसनंतर तोच आकडा ५० लाख. नियम शासन निर्णयाने बदलतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवरचं नको.

एमबीबीएसमध्ये साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला जास्तीत जास्त चार प्रयत्न आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत, ही मर्यादा आहे. सर्जरीच्या दृष्टीने यातलं सोनं म्हणजे पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी. मुलं ती पाठ करून, परीक्षा देऊन विसरतात. पुढे हर्नियाच्या ऑपरेशनात जांघेतला इन्ग्वायनल कॅनॉल समोर उघडा असताना कुठला थर कुठला ते कळत नाही. इंटर्नशिपमध्ये जनरल सर्जरीचे फक्त सहा आठवडे असतात आणि नेमके तेच वाया जातात. पीजीच्या तयारीसाठी मुलं वॉर्डातून लायब्ररीत पळतात. माझं मत, रोज चार तास पळा हवं तर, पण कॅज्युअल्टीतलं टाकेकाम सोडू नका. सर्जरी आपल्याला खरंच आवडते की नुसती कल्पना आवडते, हे रात्री दोनला दारू प्यायलेल्या पेशंटचं डोकं शिवताना कळतं.

मग एमएसच्या प्रवेशासाठी नीट-पीजी. प्रश्न २००, गुण ८००. एमएसच्या सरकारी जागा अर्ध्या अखिल भारतीय, अर्ध्या राज्याच्या. एम्स, चंडीगढचं पीजीआय, जिपमर अशा संस्थांसाठी वेगळी आयएनआय-सीईटी असते, वर्षातून दोनदा. नीट-पीजीच्याच रँकवर डीएनबीच्या (राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदवीच्या) जागा मिळतात. डीएनबी जनरल सर्जरी तीन वर्षांची आणि एमएसच्या बरोबरीची आहे. रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग यांच्या जागा वरच्या रँकला संपतात आणि जनरल सर्जरी त्यांच्याखाली मिळते. कारण उघड आहे, कष्ट जास्त आणि स्थिरता उशिरा. जिला मनापासून सर्जरी हवी तिच्या हे पथ्यावरच पडतं.

आता या उत्तरातला महत्त्वाचा भाग. इथवरच्या एकाही परीक्षेत मुलीचा हात कोणी तपासलेला नाही. सर्जन घडतो तो रेसिडेन्सीच्या, म्हणजे एमएस करताना हॉस्पिटलात काम करण्याच्या, तीन वर्षांत. म्हणून एमएसची जागा निवडताना हॉस्पिटलचं नाव बघू नका, तिथल्या रेसिडेंटच्या हाताखालून किती केसेस जातात ते बघा. चॉइस भरण्याआधी तिथल्या थर्ड इयरच्या रेसिडेंटला गाठून विचारा: एका युनिटला रेसिडेंट किती? आठवड्यात इमर्जन्सीचे दिवस किती? गेल्या महिन्यात सीनियर समोर उभा असताना तू स्वतः किती हर्निया, किती अपेंडिक्स केलेस? लॅप कोले (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं) कोण करतं? एमसीएचवाले सगळ्या मोठ्या केसेस घेऊन जातात का? कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या डीएनबीत यंत्रं उत्तम, पण पेशंट कन्सल्टंटचा खासगी असतो. तिथे तीन वर्षं कॅमेरा आणि रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरण्यात जाऊ शकतात. सरकारीत केसेस भरपूर, पण मध्यरात्री शिकवायला बहुधा एक वर्ष पुढचाच रेसिडेंट असतो, आणि त्याच्या चुकीच्या सवयी तुम्हाला लागतात.

पहिलं वर्ष हमालीचं. रक्ताचे नमुने, कन्सेंट, ड्रेसिंग, पेशंटला सोनोग्राफीला नेणं, राऊंडची तयारी. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) टाक्यांचे दोरे कापणं. त्यातूनच गळू फोडणं, मधुमेहाच्या पायाची सफाई, छातीत आयसीडी (हवा-पाणी काढायची नळी) टाकणं, त्वचा बंद करणं हाताशी येतं. दुसऱ्या वर्षी हायड्रोसील, हर्निया, अपेंडिक्स. तिसऱ्यात पोट उघडून फुटलेलं आतडं शिवणं, जोडणं, आणि देखरेखीखाली लॅप्रोस्कोपी. यातच तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे असतात, आणि थिसिस असतो, जो परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करावा लागतो. थिसिसचा विषय दुर्मीळ आजाराचा कधीच घेऊ नये. गाईडला आकर्षक वाटतो, पेशंट मात्र येत नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी संख्या भरता भरता नाकी नऊ येतात.

हाताचा सराव ओटीबाहेर करायचा असतो. गाठीपासून सुरुवात. दर फेऱ्याला हातांची दिशा उलटली नाही तर चौकोनी गाठीऐवजी सरकणारी गाठ बसते आणि रक्तवाहिनीवरून ती सुटते. सिल्कच्या दोऱ्याला तीन फेरे पुरतात; प्रोलीनचा दोरा गुळगुळीत असतो, त्याला पाच-सहा लागतात. कपाटाच्या मुठीला दोरा बांधून बोटं न बघता गाठी मारता येईपर्यंत हे करावं. सुई होल्डरमध्ये धरायची ती टोकापासून दोन-तृतीयांशावर. ऊतीत काटकोनात घुसवायची आणि मनगट फिरवून तिच्या वळणानेच बाहेर काढायची. सरळ ढकलली की सुई वाकते किंवा ऊती फाटते, नवशिक्यांचं हमखास इथेच बिनसतं. सरावाला बोकडाचे पाय उत्तम. खाटकाकडे कातडीसकट मागायचे. लॅप्रोस्कोपीत हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं, आणि पडद्यावर खोली कळत नाही. हे बॉक्स ट्रेनरवरच (सरावाच्या पेटीवर) अंगवळणी पाडायचं, पेशंटवर नाही.

तरी हात हा अर्धाच भाग. पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिका कापली जाते ती बहुतेकदा हात थरथरला म्हणून नाही, तर तिलाच सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची छोटी नळी, जी कापायची असते) समजलं म्हणून. म्हणून कापण्याआधी पित्ताशयाच्या मानेजवळचा (कॅलोचा) त्रिकोण पूर्ण साफ करायचा, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतावरून सोडवायचा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना दिसतायत याची खात्री करायची. दिसत नसतील तर थांबायचं, वरिष्ठाला बोलवायचं, लागलं तर पोट उघडायचं. हे थांबणं शिकायला गाठ शिकण्यापेक्षा जास्त वर्षं लागतात.

आणखी एक, कुणी सांगत नाही म्हणून. एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी हेपटायटिस बीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) घेऊन नंतर अँटीबॉडीची पातळी तपासून घ्यावी. ती १०च्या वर हवी. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि एचआयव्हीचं औषध लागणार असेल तर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायचं. ते २८ दिवस घ्यायचं असतं. लाजेपोटी रेसिडेंट हे लपवतात.

एमसीएचसाठी नीट-एसएस ही वेगळी प्रवेशपरीक्षा. हृदय आणि बालशल्यचिकित्सेच्या जागा अलीकडे रिकाम्या राहतात, त्यामुळे तिथे शिरणं युरॉलॉजीपेक्षा सोपं. पण त्यानंतर काम मोठ्या शहरातच मिळेल, हे धरून चाला. न्यूरो, प्लास्टिक, हृदय आणि बाल या चार शाखांत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं डीआरएनबीही (एमसीएचच्या तोडीची, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) आहे. एक वर्ष कदाचित वाचतं, पण मध्येच शाखा नकोशी झाली तर हातात जनरल सर्जरीची पदवी नसते. परदेशी एमबीबीएसचा विचार असेल तर किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, तिथेच वर्षभराची इंटर्नशिप, परत आल्यावर एफएमजीई (परदेशी पदवीधरांची पात्रता परीक्षा) आणि इथे पुन्हा इंटर्नशिप, एवढं सगळं धरून खर्च मोजा.

राहिला डावखुरेपणा. अडत काहीच नाही, पण हत्यारं उजव्या हाताच्या मापाची असतात. कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांवर दाबली न जाता फाकतात आणि दोरा कापण्याऐवजी चावला जातो. नीडल होल्डरचं कुलूपही अंगठ्याने उलट्या बाजूला ओढून सोडावं लागतं. डावखुऱ्यांची वेगळी हत्यारं मिळतात, पण सरकारी ओटीच्या ट्रेमध्ये ती असतीलच असं नाही. त्यामुळे बरेच डावखुरे सर्जन कात्री उजव्या हाताने चालवायला शिकतात आणि सुई डाव्याने. गाठी तिने पहिल्यापासून दोन्ही हातांनी मारायला शिकाव्यात, आणि ओटीतल्या सिस्टरला केस सुरू होण्याआधीच सांगावं, म्हणजे हत्यार योग्य हातात येतं.