मेलानोमात रिसेप्टर निवडताना
अगं, मेलानोमावर, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगावर, काम सुरू करतेयस आणि औषधाचं लक्ष्य म्हणून रिसेप्टर (संकेत पकडणारं प्रथिन) निवडतेयस, तर आधीच सांगते. वेस्टर्न ब्लॉटवर (पेशी फोडून त्यातली प्रथिनं ओळखायची चाचणी) ठसठशीत पट्टी आली म्हणून रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर आहेच, असं धरून चालू नकोस. ब्लॉटमध्ये आतला-बाहेरचा सगळाच माल येतो, औषध म्हणून दिलेली अँटिबॉडी मात्र बाहेरूनच चिकटणार. म्हणून फ्लो सायटोमेट्री कर, तिच्यात अख्ख्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन मोजता येतं. डिशला चिकटलेल्या पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन हे विकर टाळ, कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए वापर. ट्रिप्सिन पृष्ठभागावरची बरीच प्रथिनं कातरून टाकतं, मग सिग्नल कुठे गेला म्हणून शोधत बसशील.

रिसेप्टर भरपूर दिसला की लक्ष्य चांगलं, हेही खरं नाही. किट (KIT) या रिसेप्टरचंच बघ. तळहात-तळपायाच्या मेलानोमात काही रुग्णांमध्ये त्याच्या जनुकात बदल सापडतात. किटला अडवणाऱ्या इमॅटिनिब या औषधाचा गुण आला तो मुख्यतः एक्झॉन (जनुकाचे तुकडे) 11 आणि 13 मधल्या उत्परिवर्तनांत. जनुकाच्या नुसत्या वाढीव प्रतींवर फारसा नाही. आपल्याकडच्या मेलानोमात हा तळहात-तळपायाचाच प्रकार तुलनेने जास्त, तेव्हा सिक्वेन्सिंगचा (जनुकाचा क्रम वाचण्याचा) कंटाळा नको.

आणि नजर फक्त गाठीच्या पेशीवर नको. 2011 साली अमेरिकेत मंजूर झालेलं इपिलिमुमॅब हे अँटिबॉडी औषध प्रतिकारशक्तीच्या टी-पेशीवरच्या, तिला लगाम घालणाऱ्या सीटीएलए-4 या रिसेप्टरला अडवतं. ते डिशमधल्या एकट्या मेलानोमा पेशींवर टाकून काय दिसणार, कप्पाळ! सोबत टी-पेशी वाढवाव्याच लागतील.