वाचक विचारतात : राणी ॲन बोलीनवरचा खटला

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची दुसरी राणी ॲन बोलीन हिच्याविषयी बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलगा झाला नाही म्हणून तिला मारलं, असं ऐकत आलो. एवढंच कारण होतं का? (सोलापूर)

मुलगा हे कारण होतंच; पण तेवढंच असतं तर पहिल्या राणीसारखं तिलाही बाजूला सारता आलं असतं. खरी गाठ १५३६ च्या जानेवारीत बसली. ७ तारखेला पहिली राणी कॅथरीन वारली. ती हयात असताना ॲनला सोडणं म्हणजे कॅथरीनला परत आणा, असा आग्रह ओढवून घेणं होतं. सवत गेली आणि ॲनचं संरक्षणही गेलं. २९ तारखेला, कॅथरीनच्या दफनाच्याच दिवशी, ॲनचा गर्भपात झाला.

त्यात राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्याशी तिचं बिनसलेलं. मठ खालसा करून येणारा पैसा शिक्षणाकडे आणि गरिबांकडे वळावा असं तिचं मत; क्रॉमवेलला तो खजिन्यात हवा. २ एप्रिलला तिच्याच धर्मगुरूने राजासमोरच्या प्रवचनात राजाला भलता सल्ला देणाऱ्या दुष्ट मंत्र्याची बायबलमधली कथा लावली. रोख कोणावर आहे हे कळायला दरबाऱ्यांना वेळ लागला नसणार. शिवाय क्रॉमवेलला सम्राट पाचव्या चार्ल्सशी मैत्री हवी होती. कॅथरीन ही चार्ल्सची सख्खी मावशी, तेव्हा ॲन तिथेही अडचणच.

आरोप खरे होते का? पुरावा काय होता?

मुख्य आरोप पाच पुरुषांशी व्यभिचाराचा. पुरावा म्हणजे त्यांतल्या एकट्या मार्क स्मीटनचा कबुलीजबाब. हा दरबारातला वादक. ३० एप्रिलला त्याला पकडलं. २ मेला ॲनला अटक होऊन ‘टॉवर’ या लंडनच्या किल्ल्यात नेलं, तिथे राजकैदी ठेवत. हेन्री नॉरिस, फ्रान्सिस वेस्टन, विल्यम ब्रेरटन हे दरबारी आणि ॲनचा सख्खा भाऊ जॉर्ज हेही आत गेले. या चौघांपैकी कोणीही गुन्हा कबूल केला नाही.

खटल्याचा क्रम पाहा. १२ मेला जॉर्ज सोडून बाकी चौघांना आधी दोषी ठरवलं. ज्यांच्याशी व्यभिचार केला ते दोषी ठरल्यावर १५ मेला राणी निर्दोष कशी सुटणार? त्या दिवशी न्यायासनावर होता नॉरफोकचा ड्यूक, तिचा सख्खा मामा. निवाडा देणाऱ्या उमरावांत नॉर्थम्बरलंडचा अर्ल हेन्री पर्सी होता. एके काळी ॲनशी लग्न करायला निघालेला. राजद्रोहाच्या खटल्यात आरोपीला वकील मिळत नसे, आरोपपत्र आधी वाचायलाही मिळत नसे.

आरोपपत्रातल्या तारखाच पुष्कळ सांगून जातात. नॉरिसबरोबरचा पहिला प्रसंग १२ ऑक्टोबर १५३३, वेस्टमिन्स्टर, असा दाखवला आहे. ॲन ७ सप्टेंबरला बाळंत झाली होती आणि त्या वेळी ग्रीनिचमध्येच होती. अशा कितीतरी तारखा स्थळाशी जुळत नाहीत. लिहिणाऱ्यांनी पळवाट ठेवली होती : ‘याआधी व यानंतरही अनेक दिवशी’ असे शब्द जोडले, म्हणजे एक तारीख खोटी ठरली तरी आरोप शाबूत.

व्यभिचाराला राजाच्या खुनाचा कटही जोडला होता, कारण राजाचं मरण चिंतणं हा १३५२ च्या कायद्याने सरळ राजद्रोह. त्यासाठी ॲनचंच एक वाक्य कामी आलं. ‘राजाला काही झालं तर मला मिळवायला तू टपला आहेस’, अशा अर्थाचं ती नॉरिसला भांडणात बोलून गेली होती.

१७ मेला पाचही पुरुषांना मारलं. त्याच दिवशी आर्चबिशप क्रॅनमरने हेन्री-ॲनचा विवाह मुळातच रद्द ठरवला. आता लग्नच झालं नव्हतं तर व्यभिचार कसला? हा प्रश्न विचारण्याची कोणाची छाती झाली नाही, आणि १९ मेला ॲनचा शिरच्छेद झाला. हेन्रीने ३० मेला जेन सेमूरशी लग्न केलं.

लग्नाचं वर्ष कुठे १५३२, कुठे १५३३ दिसतं. खरं कोणतं?

तेव्हा इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. २५ जानेवारीच्या सुमाराचा हा गुप्त विवाह म्हणून जुन्या कागदांत १५३२ मध्ये मोडतो. आपल्या मोजणीने १५३३. काही बखरकार १४ नोव्हेंबर १५३२ सांगतात, आणि त्यांचा हेतू उघड आहे : ॲनची मुलगी एलिझाबेथ २५ जानेवारीनंतर साडेसात महिन्यांतच जन्मली.

सहा बोटं आणि चेटूक?

सहाव्या बोटाची गोष्ट निकोलस सँडर या कट्टर कॅथलिक लेखकाची. ॲन मेली तेव्हा तो लहान पोर होता. १८७६ मध्ये तिला पुरलं त्या टॉवरमधल्या चॅपलची (छोट्या चर्चची) फरशी उकलली, तेव्हा तिच्या मानलेल्या हाडांत जादा बोट आढळलं नाही. आरोपपत्रात चेटकाचा शब्दही नाही.

लंडनला मुलीकडे जाणार आहे. टॉवरमध्ये नेमकं काय पाहावं? (पुणे)

टॉवर ग्रीनवरचं काचेचं स्मारक पाहा, पण तीच वधाची जागा समजू नका. मचाण व्हाइट टॉवरच्या उत्तरेला, आजच्या वॉटर्लू इमारतीसमोर होतं. ‘क्वीन्स हाउस’मध्ये (आताचं ‘किंग्ज हाउस’) तिला ठेवलं होतं असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका, ती इमारत १५४० च्या सुमाराची. ॲनला राजनिवासात ठेवलं होतं, राज्याभिषेकाआधी ती उतरली होती तिथेच. तो निवास आता उरलेला नाही.

जल्लाद फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेहून मागवला होता. तलवारीने मान उडवण्यात तो तरबेज. त्याला २३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स दिल्याची नोंद आहे. ॲन ठोकळ्यावर मान न ठेवता ताठ गुडघ्यांवर बसली होती. शवपेटीची सोय कोणी केलीच नव्हती, म्हणून बाणांच्या पेटीत घालून तिला शेजारच्या सेंट पीटर चॅपलमध्ये पुरलं.

वेळ असेल तर केंब्रिजला किंग्ज कॉलेजचं चॅपल गाठा. तिथल्या लाकडी आडभिंतीवर हेन्री आणि ॲन यांची आद्याक्षरं गुंफलेली आहेत. तिच्या पश्चात अशा खुणा बहुतेक ठिकाणी खरवडून काढल्या गेल्या, इथल्या राहिल्या.