दीड वर्षाच्या डोसमधल्या पाऱ्यानं मूल ऑटिस्टिक होतं का?

तुम्ही विचारलंय, बाळाला दीड वर्षाचा डोस द्यायचाय, पण लसीत पारा असतो आणि त्यानं मूल ऑटिस्टिक होतं असं नणंद म्हणते, तर थांबावं का? थांबू नका. मी सोलापुरात एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका होते. विडी कामगारांच्या आणि यंत्रमागाच्या वस्त्यांत सत्तावीस वर्षं लसी टोचल्या. तरी तुमच्या नणंदेला मी हसणार नाही. हेच माझ्या घरात झालंय.

माझ्या बहिणीचा नातू दोन वर्षांचा झाला तरी बोलेना, नजरेला नजर देईना. त्याची आई मला तोंडावर म्हणाली, "मावशी, त्या सुईपासनंच पोरगं गप्प झालंय बघा." कार्ड काढलं. सुई सोळाव्या महिन्यातली. मग कुणाच्या तरी मोबाइलमध्ये पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ सापडला. केकपुढं बसवून बहीण त्याला तीनदा हाक मारते, पोरगं वळत नाही. मान वर करून पंखाच बघतंय. त्या दिवशी आम्हीच हसलो होतो, म्हणून व्हिडिओत हसण्याचा आवाज आहे. तो ऐकवत नव्हता.

अमेरिकेत १९९४ साली असेच पहिल्या वाढदिवसाचे व्हिडिओ अभ्यासले होते, ११ ऑटिस्टिक मुलांचे आणि ११ इतर मुलांचे. हाकेला न वळणं, बोट न दाखवणं हे फरक तेव्हाच दिसत होते. आपल्या लक्षात येतं दीड-दोन वर्षांनी, आणि नेमका तोच दीड वर्षाच्या बूस्टर डोसचा काळ.

मुलाच्या आईनं पुढं विचारलं, "मग नवव्या महिन्याच्या गोवराच्या सुईचं काय?" प्रश्न बरोबर होता. एका घरच्या व्हिडिओनं त्याचं उत्तर मिळत नाही. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासली, २०१९ साली ती छापून आली. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त निघाला नाही.

आता पारा. इथं दोन भांडणं एकात मिसळलीत. वेकफिल्ड या डॉक्टरनं १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवरून शंका काढली ती गोवराच्या लसीवर, आणि त्या लसीत पारा कधीच नव्हता. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं नावही नोंदणीतून काढलं. पाऱ्याचं संयुग, थायोमर्सल, असतं ते डीपीटीसारख्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस, दीड वर्षाला देतात ती) अनेक डोसांच्या कुपीत. एकाच कुपीत पुन्हा पुन्हा सुई जाते, जंतू शिरू नयेत म्हणून. १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियात बंडाबर्ग गावी असं काही न घातलेल्या घटसर्पाच्या लसीत जंतू वाढले आणि १२ लेकरं गेली. आपल्या गोवर-रुबेलाच्या कुपीत थायोमर्सल नसतं, म्हणून ती कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. पाच-सहा डोस फेकताना माझा जीव तुटायचा.

थायोमर्सलमधला पारा इथाइल, माशांतून साठतो तो मिथाइल. इथाइल रक्तातून आठवड्याभरात निम्म्यावर येतो, मिथाइलला दीडेक महिना लागतो. अमेरिकेत २००१ पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लसींतून, काही फ्लूच्या लसी सोडल्या तर, थायोमर्सल काढलं. ऑटिझमच्या नोंदी तरी वाढतच राहिल्या.

डीपीटीनंतर ताप येईल, मांडी सुजेल, बाळ रात्रभर किरकिरेल. हे होतं, होत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सिस्टरला वजन सांगून विचारून घ्या.

आणि एक करा. बाळ दुसरीकडं बघत असताना मागून नावानं हाक मारा. वळत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, तर डोस द्याच, पण त्याच दिवशी अंगणवाडीताईंना किंवा बालरोगतज्ज्ञांना सांगा. शासनाच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी फुकट होते. कानही तपासून घ्या. आमच्याकडं सुईवरून भांडण्यात आठ महिने गेले, थेरपी अडीच वर्षांचा झाल्यावर सुरू झाली.