भात सोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. भात बंद केलास, दोन्ही वेळा उकडलेलं चिकन आणि काकडी खातेस, आणि तरी कबड्डीच्या सरावाच्या दुसऱ्या हाफमध्ये पाय जड होतात म्हणतेस. सोबत फोनवर पाहिलेल्या त्या बाऊलचा फोटो पाठवलास: किनुआ नावाचं परदेशी धान्य, अॅव्होकॅडो, वर चिकनच्या चकत्या. रत्नागिरीत खोलीवर, एका शेगडीवर, हे जमेल का असं विचारलंयस.

जमेल. पण किनुआसाठी दुकानं पालथी घालू नकोस, आणि त्याआधी भात पुन्हा सुरू कर.

तरी नाही, म्हणून पाय जड होतात गो. रेड टाकताना तू जी झेप घेतेस, ती स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साखरेच्या साठ्यावर घेतेस, आणि ते ग्लायकोजेन भात-भाकरीतूनच भरतं. तो साठा रिकामा राहिला की शरीर प्रोटीनही जाळायला घेतं. म्हणजे एवढे पैसे मोजून आणलेलं चिकन काही प्रमाणात स्नायू बांधायच्या ऐवजी सरपण म्हणून वापरलं जातं. तुझ्या वयाच्या, रोज दोन तास मैदानावर असणाऱ्या मुलीने धान्य सोडणं मला अजिबात मान्य नाही. वजन वाढेल ही भीती मैदानाबाहेर ठेव.

आता हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे साध्या निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. खेळाडूला जास्त, साधारण 1.2 ते 2 ग्रॅम. तुझं वजन 55 किलो, तेव्हा दिवसाचे 80 ग्रॅम धरून चाल. ते एका जेवणात कोंबायचे नाहीत, दिवसभरात तीन-चार वेळा विभागायचे. सकाळी दोन अंडी, दुपारी उसळ-भाकरी आणि ताक, सरावानंतर रात्री हा बाऊल. प्रोटीन पावडरचा डबा घेऊ का, असंही तू मागे विचारलं होतंस. नको. त्याच संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शक सूचनांतही पावडरींपासून दूर राहायला सांगितलंय, आणि तुझ्या गरजेला घरचं जेवण पुरून उरतं.

एका बाऊलला कच्चं बोनलेस चिकन 150 ग्रॅम घे. शिजल्यावर ते सव्वाशेच्याही खाली येतं, पण त्यात 30 ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. त्यात मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम कोरडे कुळीथ भिजवून-शिजवून घातलेस की आणखी साडेसहा. तांदूळ 60 ग्रॅम घेतलास तर त्यातून पाचाच्या आसपास. दोन चमचे दही. झाले की 40 च्या पुढे, दिवसाच्या गरजेच्या निम्मे. किनुआचं म्हणशील, तर त्याच्या 60 ग्रॅममधून तांदळापेक्षा तीन-चार ग्रॅम प्रोटीन जास्त मिळेल. कुळीथ एक मोठा चमचा वाढवलास की ती तूट भरली. कुळीथ आपल्या मातीत होतात, 100 ग्रॅममागे जवळजवळ 22 ग्रॅम प्रोटीन देतात, आणि तुझ्या आईच्या फडताळात डबाभर पडलेले असतात.

धान्यांत माझी पहिली पसंती उकड्या तांदळाला. साळ आधी उकडून मग भरडलेली असते, त्यामुळे कोंड्यातली ब जीवनसत्त्वं काही प्रमाणात दाण्यात मुरतात. शिवाय बाऊलसाठी त्याचा मोठा गुण असा की दाणा फुटत नाही, गार झाल्यावर गोळा होत नाही. तासभर भिजव, भरपूर पाण्यात उघड्यावर शिजू दे, दाणा दाबून बघ, आणि मग निवळ. वरची पेज फेकू नकोस. मीठ घालून सरावाआधी दीड-दोन तास पी. उकडा मिळाला नाही तर वरी. ती कोरड्याच पातेल्यात खमंग वास येईपर्यंत परत, अडीच पट कढत पाणी घाल, झाकण ठेव, दहा-बारा मिनिटांत होते. नंतर पाच मिनिटं झाकणाखालीच राहू दे, नाहीतर चिकट लागते.

नाचणीचे अख्खे दाणे शिजवून बाऊलमध्ये घालतात, ते मला रुचत नाही. दाणा बारीक, शिजायला वेळखाऊ, तोंडात वाळूसारखा फिरतो. नाचणीची भाकरीच कर आणि बाऊलच्या शेजारी ठेव. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, आणि मैदानावर आपटणाऱ्या गुडघ्या-घोट्यांच्या हाडांना ते हवंच.

आता चिकन. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण तुझं उकडलेलं चिकन चोथ्यासारखं लागतं म्हणूनच तू ते कसंबसं गिळतेस, आणि कंटाळून एक दिवस सोडून देशील.

चिकन सेंटरवर नुसतं ब्रेस्ट मागू नकोस. निम्मं ब्रेस्ट, निम्मं लेगचं बोनलेस, कातडी काढून. लेगमध्ये थोडी चरबी जास्त, पण लोह आणि जस्तही जास्त, आणि दुसऱ्या दिवशी गरम केलं तरी ते मऊ राहतं. गावठी कोंबडी या कामाला आणू नकोस. तिला रटरटून शिजायला वेळ लागतो, ती वड्यांबरोबरच्या रश्श्यासाठी राहू दे. इथे ब्रॉयलरच बरी. आणलेलं चिकन नळाखाली खळखळून धुवायची आपल्याकडे सवय आहे, ती मोड. पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या काकडीवर उडतात, आणि कच्च्या चिकनमधले साल्मोनेलासारखे जंतू त्याबरोबर पसरतात. जंतू मरतात ते शिजवण्याने. हात मात्र साबणाने धू, आणि सुरी-पाटही.

ब्रेस्टचा तुकडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतो. तसाच टाकलास तर जाड भाग शिजेपर्यंत पातळ भाग दोरखंड होतो. म्हणून त्यावर तळहात ठेव आणि सुरी आडवी धरून जाड भाग मधून चीर, दोन सारख्या चकत्या होतील. अर्ध्या किलोला मीठ सपाट एक चमचा, चार मोठे चमचे दही, हळद, आलं-लसूण आणि कोथिंबिरीचं जाडसर वाटण. रात्रभर ठेव. लिंबू मात्र आत्ता पिळू नकोस, रात्रभराच्या आंबटाने वरचा थर खडूसारखा कोरडा होतो. मालवणी मसालाही मुरवताना घालू नकोस. तो आधीच भाजलेला असतो, तापलेल्या तव्यावर लगेच काळा पडतो आणि कडवट होतो.

बिडाचा तवा असेल तर उत्तम. चांगला तापव, चमचाभर तेल, आणि चिकनवरचं वाटण बोटांनी निपटून मगच तुकडा टाक. एका वेळी तीनच. तवा भरलास की पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी चिकन वाफवलं जातं. टाकल्यावर हलवू नकोस. तीनेक मिनिटांत चर्र आवाज बारीक होतो, कडा पांढऱ्या होत वर चढतात, आणि तुकडा आपण होऊन तवा सोडतो. ओढून काढावा लागला तर अजून झालेला नाही. झाला की तुकडा उलटव, आच मंद कर, आता अर्धा चमचा मालवणी मसाला भुरभुर, झाकण ठेव. आणखी तीन-चार मिनिटं. जाड भागात कापून बघ, आत गुलाबी दिसता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळाला तर घेऊन ठेव, मधोमध 74 अंश सेल्सिअस दाखवला की निर्धास्त. मग ताटात पाच मिनिटं नुसतं राहू दे आणि धाग्यांच्या आडवं काप. ताटात जो रस सुटेल तो भातावर ओत. एवढं केलंस तर उकडलेल्या चिकनकडे तू परत फिरणार नाहीस.

कुळीथ रात्री भिजत घाल, सकाळी फडक्यात बांध. आपल्या दमट हवेत दिवसाभरात मोड येतात. पावसाळ्यात दोनदा धुवायला विसरू नकोस, नाहीतर आंबूस वास येतो. मोड कच्चे खायचे नाहीत, कुकरला तीन शिट्ट्या दे. उरलेलं पाणी म्हणजे कट, त्याचं लसूण-आमसुलाचं सार कर. कुळीथ कंटाळवाणे झाले तर काळे वाटाणे, चवळी, वाल, जे हाताशी असेल ते.

हिरवं म्हणून लेट्यूस शोधू नकोस. लाल माठ लसणावर दोन मिनिटं परत. पावसात टाकळा, शेवग्याचा पाला. काकडी, मुळा कच्चा. जेवताना वरून लिंबू पिळ, कारण पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. चहा जेवणाला लागून घेऊ नकोस, तो लोह अडवतो. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना रक्तक्षय आढळला. भात सुरू करून महिन्याभरातही पाय जडच राहिले तर हिमोग्लोबिन तपासून घे. पुढे ढकलू नकोस.

सगळं एकत्र बांधायला काहीतरी ओलं, आंबट हवं. माझ्या मते आगळाइतकं, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाइतकं, चांगलं काही नाही. दोन चमचे आगळ, चार चमचे पाणी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, गुळाचा खडा. मीठ नको, आगळ खारटच असतं. दुसरा प्रकार म्हणजे घट्ट दह्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड. ओलं खोबरं चवीपुरतं एक चमचा घाल. ते प्रोटीन म्हणून मोजू नकोस, त्यात स्निग्धांशच मुख्य.

खोलीवरच्या छोट्या फ्रिजचं गणित असं ठेव. शनिवारी पाऊण किलो चिकन आण, म्हणजे पाच जेवणं. निम्मं रात्रभर मुरवून रविवारी भाज, निम्मं मुरवलेलंच फ्रीजरला टाक. ते मंगळवारी रात्री खालच्या कप्प्यात उतरव, ओट्यावर सुटायला ठेवू नकोस, आणि बुधवारी भाज. शिजलेलं चिकन तीन दिवसांच्या पुढे नेऊ नकोस. भाताचं तर जास्त सांभाळ. शिजल्यावरही त्यात काही जिवाणूंचे बीजाणू तग धरतात, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून निवळलेला भात परातीत पसर, पंख्याखाली गार कर आणि तासाभरात फ्रिजमध्ये. खाताना वाफा येईपर्यंत गरम कर. पावसाळ्यात लाईट गेली तर फ्रिज उघडू नकोस, चार तासांपर्यंत निभावतं. त्यापुढे गेलं तर शिजलेलं चिकन टाकून दे, वास चांगला आला तरी.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बाजारात ताजी मासळी कमी, तेव्हा हा बाऊल जास्त कामाला येईल. ऑगस्टपासून बांगडा आला की चिकनच्या जागी तोच तव्यावर टाक, बाकी सगळं तेच. श्रावण पाळतेस हे मला माहीत आहे. घरच्यांशी त्यावरून वाद घालू नकोस, गरज नाही. कुळीथ दुप्पट कर, त्यावर पनीर 100 ग्रॅम, आणि सकाळी अंड्यांच्या जागी मुगाचं घावन आणि दूध. आकडा थोडा खाली येईल. दुपारी उसळ वाढवून घे.

या रविवारी केलंस की मला कळव, आणि सरावात दुसऱ्या हाफमध्ये काय वाटलं तेही. आगळ तिथल्या दुकानातलं घेऊ नकोस, पुढच्या आठवड्यात आमच्याकडून कुणीतरी रत्नागिरीला येणार आहे, बाटली देऊन पाठवते.

तुझ्या
बाई